वीज गेली की स्कोअर जातो

परत पुढं ढकलली.
तिसऱ्यांदा. आता म्हणे दिवाळीनंतर,
कुठल्या वर्षीच्या, ते लिहिलेलं नाही.
उद्यमबागेत दुसऱ्या पाळीच्या चहाला
शिवलिंग विचारतो, "काय वाचूलालास गा?"
मी सांगतो.
तो हाताची मोल्डिंगची वाळू झाडतो.
"ढकलू दे की. कच्चं कास्टिंग बाहेर काढण्यापेक्षा बरं."
हे मला पटतं.
पटत नाही ते असं :
गेम अजून झाला नाही, आणि त्यातल्या घोड्याचं
सोन्याचं खोगीर आजच विकायला काढलंय,
आगाऊ पैसे भरणाऱ्यांसाठी.
घोडा कुठाय?

नार्वेकर गल्लीत हुद्दारकाकांचं पार्लर होतं.
चार मशिनं, एक पंखा,
तोही आमच्याकडं नव्हे, मशिनांकडं तोंड केलेला.
आठ आण्यांत तीन जीव.
चौथा हवा तर परत आठ आणे,
आणि परत पहिल्यापासून.
वीज गेली की स्कोअर जायचा,
आणि वीज तर जायचीच.
म्हणून काकांनी उधारीच्या वहीची मागची पानं
आमच्या नावावर केली.
आकडे कानडी, कारण हिशेब ते कानडी शाळेत शिकले,
नावं मराठी, कारण आम्हाला ते गल्लीत शिकले.
मशिनवर तीनच अक्षरं बसायची, तीही इंग्रजी.
वहीत अख्खा माणूस मावायचा :
अजित भरमा मुचंडीकर, एक्केचाळीस हजार दोनशे.
साक्षीदार : मी स्वतः.

आता पुतणी खेळते, तेजल. माइक बंद ठेवून.
का गं, विचारलं तर म्हणते,
"बाईचा आवाज आहे कळलं की काका,
दिल्लीपासनं दावणगेरीपर्यंत
सगळ्यांना एकच भाषा येते."
हे बातमीत येत नाही.
बातमीत येतं बक्षीस किती कोटींचं,
आणि परीक्षण : दहापैकी साडेआठ.
आठ समजू शकतो मी. नऊही.
हे साडे कुठून येतं?

भाषा निवडा, म्हणते स्क्रीन. चौदा भाषा.
शिवलिंग यादी वर-खाली करतो,
मग मी करतो.
त्याची नाही. माझी नाही.
"बघ," तो म्हणतो, "इथं तंटा मिटला."
एक नोव्हेंबरला कोण घरात बसतो
आणि कोण झेंडा घेऊन चन्नम्मा चौकात जातो,
ते आम्ही एकमेकांना कधी विचारलेलं नाही.
इंग्रजी निवडतो,
आणि दोघंही चुकीचं बटण दाबतो.

आज खाली, बारीक अक्षरात, आणखी एक बातमी :
ज्या गेमात आम्ही सात वर्षं मासे पकडले
(हो, मासेच. लढाया होत्या त्यात, आम्ही केल्या नाहीत)
त्याचा सर्व्हर एकतीस मार्चला बंद.
या प्रवासाबद्दल धन्यवाद, असं लिहिलंय.
विकत घेतला होता मी. पावती आहे.
पावती कसली, ईमेल.

हुद्दारकाकांनी पार्लर मिटलं त्या दिवशी
नाण्यांची पेटी आमच्यासमोर उपडी केली.
आत दोन वॉशर निघाले.
"हे कुणाचे?"
कुणी बोललं नाही.
वॉशर उद्यमबागेतले होते,
माझ्या बापाच्या शॉपमधले.
काकांनी ते खिशात टाकले, आणि वही मला दिली.

तीस तारखेच्या रात्री फोन चार्जरला लावून बसलो दोघं.
पाणी तसंच हलत होतं,
त्याला कुणी कळवलं नव्हतं.
मी वहीचं कोरं पान काढलं :
निळा मासा, नाव माहीत नाही, नऊ किलो.
शिवलिंग बसय्या हिरेमठ.
साक्षीदार : मी स्वतः.
त्यानं वाकून पाहिलं.
"नऊ नव्हे बे. साडेनऊ होता."
मी खोडून साडेनऊ केलं.
साडे कुठून आलं, विचारलं नाही.