'दा' टाकलं की

मोनाप्पा सांबरेकर रिटायर झाले तेव्हा
खुर्ची दिली, स्टेपलर दिला, कपाटाची किल्ली दिली
आणि जिन्यावरून वळून म्हणाले,
पत्ते सगळे आत आहेत बघ,
दोन अक्षरं टाक, पुढचं मशीन बघून घेतंय.

उद्यमबागेत आमची फाउंड्री.
खाली भट्टी, वर पत्र्याच्या खोलीत मी.
कीबोर्डवर रोज सकाळी वाळूचा पातळ थर,
बोटानं पुसते नि कामाला लागते.
मेल अजून त्यांच्याच नावानं जातात.

पूर्ण पत्ता त्यांनी कुणाचाच टाकला नाही कधी.
'उशीर' म्हणजे इचलकरंजीची पार्टी.
'साडेतीन' म्हणजे हुबळीचे खरेदीवाले साहेब,
जेवून, लवंडून, उठल्याशिवाय उत्तर नाही.
'कुंदा' कोण ते लिहीत नाही,
अर्ध्या किलोचा बॉक्स गेल्याशिवाय
त्यांचा शिक्का ओला होत नाही.
'होहो' दोघे आहेत.
त्यातले एक आमचे मालक.

एकदा स्वतःला शोधलं.
नावानं सापडेना, आडनावानं सापडेना.
'नवी' म्हणून होते.
सहा वर्षं झाली होती मला तिथं.
बदलता आलं असतं. ठेवलं तसंच.

मेलच्या तळाशी गावाचं नाव जातं.
कुणाला बेळगाव लागतं, कुणाला बेळगावी,
एक जुनी पार्टी अजून बेलगामवरच अडून आहे.
मोनाप्पांनी तिन्ही सह्या करून ठेवलेल्या,
बघून बघून लावायच्या.
ट्रक येतो तो एकाच फाटकातून.

तर त्या गुरुवारी
दावणगेरेला चाळीस पंप केसिंगचं कोटेशन जायचं होतं.
'दा' टाकलं.
खाली ओतकामाची शिट्टी झाली,
खिडकी लाल झाली, मी तिकडं बघितलं,
आणि बोट आपलं आपण दाबून मोकळं.
गेलं.
'दादा'ला.

उत्तर संध्याकाळी आलं, चंदगडहून.

मोना,
चाळीस केसिंग घेऊन मी काय करू?
माझी विहीर एक, तिच्यात पाणी गुडघाभर.
आणि दर जास्त आहे.
तुझ्या गुडघ्याचं काय झालं?
गुंडू

पाठवलेल्या मेलमध्ये मागं मागं गेले.
दादाला याआधीची मेल अकरा वर्षांपूर्वीची.
विषय: वाटणी.
आत एकच ओळ.
ती मी वाचली. वाचायला नको होती.

शनिवारी कागदावर छापून घेतलं
आणि कंग्राळीची बस धरली.
मोनाप्पा पडवीत शेंगा फोडत बसलेले.
कागद हातभर लांब धरला, मग जवळ घेतला,
मग परत लांब.
आतून बाईंनी विचारलं, कुणाचं?
काही नाही, म्हणाले, ऑफिसचं.

मी म्हटलं, चूक माझी,
तिसरं अक्षर टाकायला पाहिजे होतं.
होगली बिडु, ते म्हणाले,
आणि बराच वेळ एकच शेंग
अंगठ्याखाली धरून राहिले.
खरं, दर किती लावलास?

सांगितला.

जास्तच आहे की गं.
टरफलं सुपात ढकलली.
माझ्या हातात पेन नव्हतं,
त्यांनी खिशातलं काढून दिलं,
रिटायर झालेल्या माणसाच्या खिशात
अजून दोन पेनं होती.
लिही.
तीन टक्के कमी.
मग गुडघ्यावर हात ठेवून उठले,
दारापर्यंत गेले, परत आले.
वाहतूक आमची, म्हणून लिही.

सोमवारी दोन्ही मेल पाठवल्या.
दावणगेरेला 'दाव' टाकून, जुन्याच दरानं.
त्यांचं अजून काही आलेलं नाही.