फॅक्सच्या रकान्यात

महाप्याहून आलेला पोरगा, ईशान रेवणकर,
चहा निम्मा ठेवून निघून गेला.
"सोपं आहे काका," म्हणाला,
"डावीकडे तुमची शीट, उजवीकडे आमची फिल्ड्स.
रेघ ओढायची नि सोडायची."

तेव्हापासून रेघा ओढतोय.
करावे गावातल्या पतसंस्थेचा पहिला मजला,
खाली मासळीसाठी बर्फ फोडतायत,
आणि स्क्रीनवर दोन हजार एकशे सात खातेदार
उंबऱ्याशी थांबलेत,
चपला काढाव्या की नाही या विचारात.

शीट तांडेलबाईंची.
एकतीस वर्षं काउंटरवर बसल्या. जाताना
पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या,
"यात सगळा गाव हाय. सांडू नको."

'नाव' जोडलं 'फर्स्ट नेम'ला.
चांगुणाबाई हासूराम म्हात्रे अख्खी आत शिरली,
नवऱ्यासकट, आडनावासकट,
आणि आडनावाची चौकट रिकामी म्हणून लाल.

'मोबाईल' जोडला.
बाळाराम मढवींचा नंबर निघाला
नऊ पॉइंट ब्याऐंशी ई अधिक नऊ.
एक्सेलने दहा आकडे गिळून ढेकर दिलेली.

'जन्मतारीख'.
चारशे अठरा जण एक जूनचे,
मास्तरांनी शाळेत नाव घालताना
एकाच सकाळी जन्माला घातलेले.
सिस्टीम खूश. शुभेच्छा आपोआप जातील म्हणे:
एक जूनला नऊच्या ठोक्याला
खाडीकाठचे चारशे अठरा खिसे एकदम थरथरणार.
पदमीबाई मात्र सांगते, मी झाले तेव्हा उधाण होतं,
नारळी पुनवेच्या दोन दिस अलीकडं,
पाणी चुलीपर्यंत आलेलं.
उधाणाला फिल्ड नाही.

'गाव' उजवीकडे नाहीच.
शहर आहे, नोड आहे,
सेक्टर आहे, तो फक्त आकड्यात लिहा.
करावे, दारावे, सारसोळे,
तिघांना ओढलं 'नवी मुंबई'त,
जसं आधी एकदा ओढलं होतं कुणीतरी
नकाशावर, फूटपट्टी धरून.

शेवटी एक रकाना उरला.
बाईंनी मथळा दिलेला: 'कुणाचं कोण'.

हिराजी ठाकूर, विहिरीवरचा.
हिराजी ठाकूर, रेतीवाल्याचा मधला.
हिराजी ठाकूर, बोलत नाय, मान हलवली की हो समजा.
नंबर सुनेचा, सासूचं विचारू नये.
वारला. खातं बंद करू नका,
बायको दर महिन्याला पासबुक भरून नेते.

याच्यासमोर सिस्टीमने स्वतःच लिहिलं:
इम्पोर्ट करू नका.

उजवीकडे खाली खाली गेलो,
भाड्याची खोली शोधणाऱ्यासारखा एकेक दार वाजवत.
ईमेल. वेबसाईट. पदनाम. फॅक्स.
फॅक्स!
या गल्लीत फॅक्स होता कुणाकडे?
टाकून पाहिलं एक वाक्य. घेतलं.
आकडेच हवेत अशी अट घालायला
तिथे कुणीतरी विसरलेलं.

रेघ ओढली. सोडली.

हिरवी पट्टी सरकत होती तेव्हा
माझीच ओळ दिसली, कर्मचारी खात्यांत:
यशवंत धुमाळ.
फॅक्स: तुर्भ्याच्या माथाडीचा पोरगा. बावीस वर्षं हितं.
अजून बाहेरचा म्हणतात, ऐकू नये.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं नाही.

सातला ईशानचा फोन.
"झालं का काका? बरं, ते फॅक्सचं फिल्ड
पुढच्या व्हर्जनला काढून टाकतोय आम्ही.
कुणाचं भरलेलंच नसतं."
"आमच्यात भरलंय," म्हटलं.
"किती जणांचं?"
खाली शेवटची लादी फुटली, मग नुसतं पाणी ओतल्याचा आवाज.
"सगळ्यांचं."
तो हसला. त्याला वाटलं, काकांची रेघ चुकली,
उद्या येऊन दुरुस्त करतो म्हणाला.

पेन ड्राइव्ह खिशात घातला.
तांडेलबाईंचं घर देवळामागे, तिसरं,
पत्ता शीटमध्ये बघावा लागला नाही.