बसवणं

फ्लोअर मोजला : बेचाळीस इंच.
मधला बोगदा, ज्यातून शाफ्ट जाणार, तो नऊ.
उरले तेहतीस.
जुन्या बाजारातून रविवारी उचललेल्या दोन सीटा
एकोणीस-एकोणीसच्या.

कागदावर ही गाडी तीन वर्षं बिनतक्रार चालत होती,
कारण कागदावर कुणी बसत नव्हतं.

नाना पेठेतला याकूब सीटवाला म्हणाला,
"साहेब, कंबर कमी करा नाहीतर सीट."
सीट कमी केली.
रेक्झीन उसवलं, फ्रेम मधोमध कापून पुन्हा जोडली,
साडेसोळा, साडेसोळा, दोन्ही सारख्या.
आतला फोम पिवळा, बिस्किटासारखा चुरा होणारा,
आणि एका बाजूनेच जास्त दबलेला.
कुणीतरी अनोळखी माणूस वर्षानुवर्षं
फुगलेलं पाकीट मागच्या खिशात ठेवून
जरासा कलून जगत होता.

मी तीस वर्षं भोसरीला प्रेस शॉपमध्ये.
डायवर डाय बसवायची, डायवर पत्रा.
हात बसला. मग कंपनी बसली.
एकच क्रियापद, काय काय करतं बघा.
त्या वर्षी माझा आवाजही बसला होता.
घरी सांगितलं, घशाचं आहे.

आता हे पार्किंग, धनकवडीतलं, तेरा नंबरचं.
जिन्यापाशी सेक्रेटरी टिल्लूंची नवी पाटी :
'येथे वाहने लावावीत. बनवू नयेत.'
मी पाटीखाली ड्रिल लावतो,
बिट गरम होतं, पत्रा किंचाळतो,
तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आपटते.

बोल्टखाली नुसता रुपयाएवढा वॉशर पुरत नाही.
खालून तळहाताएवढी प्लेट लागते,
पाच मिलीमीटरची,
नाहीतर धडक बसली की बोल्ट पत्रा फाडून निघतो
सीटसकट, माणसासकट.
हे मी शालनला सांगितलं नाही.
प्लेटा मात्र तिच्या बाजूला आधी लावल्या.

ती खाली आली ती सिलिंडरवाल्यासाठी सुट्टे मागायला.
म्हटलं, बस ना जरा. माप घ्यायचंय.

बावीस वर्षं ती माझ्या मागे,
स्कूटरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून :
सासवडची लग्नं, बिबवेवाडीचा दवाखाना, केतकीची दहावीची केंद्रं.
माझी पाठ तिला पाठ आहे.
आज पहिल्यांदा शेजारी, एका रेषेत,
दोघांसमोर तीच एक भिंत आणि मीटरचे बॉक्स.
मी वाट पाहत राहिलो, काही म्हणेल.

म्हणाली, "पाय कुठे ठेवू?"

वाकून पाहिलं.
तिच्या पायांच्या जागी बॅटरीची पेटी.
मीच बसवलेली. दोन महिने लागले होते,
वेल्ड असा की माणसं बोलावून दाखवावा.
ड्रॉइंगमध्ये डाव्या सीटवर
मी एक वर्तुळ काढलं होतं, डोकं म्हणून.
वर्तुळाला पाय नव्हते.

सुट्टे कुणी दिले आठवत नाही.
ग्राइंडर लावला. ठिणग्या टिल्लूंच्या पाटीपर्यंत.
पेटी गेली मागे, म्हणजे डिकी गेली,
म्हणजे भाजी आता मांडीवर.
"सवय आहे," ती म्हणाली,
आणि हातातली बॅटरी माझ्या डोळ्यांवरून
कापायच्या जागेवर नेली.

दिवे लागले तेव्हा दोन्ही सीटा आत होत्या.
चाकं नाहीत, इंजिन बाकावर उघडं पडलंय,
आरटीओचं तर नावच नको.
गाडी चार लोखंडी घोड्यांवर उभी
आणि आम्ही तिच्यात.
तिने चपला काढल्या, पाय लांब केले, पार शेवटपर्यंत.
मग सीटखाली हात घालून दांडा ओढला :
सर्रकन पुढे. सर्रकन मागे. पुन्हा पुढे.

अगं थांब, म्हटलं,
ग्रीस लावायचंय, रेल अजून बसलेली नाही.

"मग बसू दे," ती म्हणाली,
आणि पुन्हा दांडा ओढला.