पेन्सिलवाला

अठरावं लागायला चार महिने,
उंची माझ्याहून वीतभर जास्त,
आणि बोलणं दिवसाला अकरा शब्द.
त्यातले चार: अगं आई, नको ना.

मी पुस्तकं आणते. वाढदिवसाला, निकालाला, उगाच.
धैर्याची, यशाची, पहाटे पाचला उठणाऱ्या माणसांची.
ती एकेक करून टेबलाच्या पायाखाली गेली.
टेबल डुगडुगायचं थांबलं, हे मान्य.
खर्डेकरबाईंनी खास मुलांसाठी म्हणून दिलेली कादंबरी
दोन पानांत परत आली:
"यातली मुलं आमच्यासारखी बोलत नाहीत.
आम्ही असं बोलतो असं लेखकाला वाटतं, तशी बोलतात."
त्या दिवशी अकराची मर्यादा ओलांडली. मी मोजले.

शनिवारी अप्पा बळवंत चौकात गेले.
गाडी लावायला जागा शोधण्यात
एक बऱ्यापैकी दीर्घकथा वाचून झाली असती.
पुढे सगळे प्रश्नसंच, गाईडं, प्रवेशपरीक्षांचे ठोकळे,
मागच्या बोळात सणसांचं जुन्या पुस्तकांचं दुकान,
दुकान म्हणजे एक जिना आणि त्याच्या पायऱ्या.
"सतरा वर्षांच्या मुलासाठी काहीतरी द्या."
"त्याला आवडतं काय?"
मी क्रिकेट म्हणाले, मग कॉम्प्युटर, मग गप्प झाले.
"बरं, चिडतो कशावर?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.
बिबवेवाडीपर्यंत सगळ्या सिग्नलना तेच डोक्यात.
आठवडाभर पाहिलं.
तो चिडतो "मोठा झालास की कळेल"वर,
अंपायरवर,
बातम्यांतल्या "सूत्रांनी सांगितलं"वर,
आणि मी फोनवर मावशीला
"तो मजेत आहे" म्हणते, त्याच्यावर.

सणसांनी दिलं ते मुखपृष्ठ नसलेलं,
पहिली आठ पानं गेलेली.
कुठल्याशा गलबताची, कुठल्याशा तांडेलाची हकिकत.
"साठ रुपये. आत कुणीतरी लिहिलंय, म्हणून दहा कमी."
मी ते फ्रीजवर ठेवलं, वीजबिलाच्या शेजारी,
आणि काही बोलले नाही.
हे मला कठीण गेलं, हे नोंदवून ठेवते.

बुधवारी फ्रीजवर फक्त वीजबिल होतं.

मग एकदा चादरी बदलताना उशीखाली सापडलं.
पान एकतीस, समासात बारीक, तिरकी पेन्सिल:
खोटं. आश्विनात इथे असा वारा नसतो.
त्याच्या खाली निळं बॉलपेन, अक्षर इंद्रनीलचं:
असतो. तक्ता पाहिला. तुम्ही पाहिला होता का?
पान बेचाळीस, पेन्सिल: हा माणूस स्वतःची फुशारकी मारतो.
पेन: मग तुम्ही काय करताय?
पान शहाण्णव, पेन्सिल: इथे मला रडू आलं.
पेनाने काही लिहिलेलं नव्हतं.
फक्त त्या शब्दांखाली एक रेघ.

चादर अर्धी घातलेली तशीच ठेवून
मी दाराशी उभी राहून वाचत होते, चोरासारखी.
शिवाजीनगरच्या वेधशाळेत गेला होता म्हणजे हा?
क्लास बुडवून?
विचारलं नाही. क्लासची फी आठवली, तरी नाही.

पुढच्या रविवारी तो स्वयंपाकघरात आला.
"पान एकशेचाळीसनंतर तो लिहायचं थांबलाय."
कोण, हे विचारायची सोय नव्हती,
मला माहीत होतं हे त्याला माहीत होतं.
"कंटाळला असेल," मी म्हणाले.
"तो? तो कंटाळणारा नाही."
कुकरची शिट्टी झाली.
"मेला असेल का गं?"

मोठा झालास की, असं तोंडाशी आलेलं गिळलं.
"माहीत नाही," म्हणाले. तो चिडला नाही.

गाडी त्याने चालवली, मी मागे.
सणस म्हणाले, तो गठ्ठा एरंडवण्यातल्या कुठल्यातरी घरातला,
नाव लिहून घेत नाही, वजन लिहून घेतो.
तीन पोती अजून माळ्यावर आहेत. धूळ आहे. बघा.

तो स्टुलावर चढला, अर्धा माळ्यात गेला.
खाली फक्त त्याच्या चपला आणि टाचा.
एकेक पुस्तक उघडल्याचा, मिटल्याचा आवाज.
पेन्सिल नाही. नाही. नाही.
स्टूल डुगडुगत होतं, मी धरून उभी.
सणसांनी पायरीवरचं एक जाड पुस्तक उचलून
त्याच्या पायाखाली सारलं.
यशाचं असावं बहुतेक.
मी वाकून पाहिलं नाही.