माग बंद पडला की

आमच्या वडगावात झोप खटखटीवर लागते.
भिंतीपलीकडे बाबांचे दोन पॉवरलूम,
त्यापलीकडे हुदलींचे चार,
रात्रपाळीला गल्लीभर एकच धडधड.
बाळंतिणीसुद्धा तक्रार करत नाहीत.
आम्ही जागे व्हायचो ते माग बंद पडल्यावर.
धागा तुटला, धोटा अडला, करंट गेला,
की सगळं घर अंथरुणात उठून बसायचं:
काय झालं?

आता मी काकतीच्या पुढे, भूतरामनहट्टीच्या माळावर,
वसतिगृहात, खोली एकवीस,
आणि इथली शांतता मला झोपू देत नाही.
हायवेवरचा एखादा ट्रक
तेवढा दोन मिनिटं माझा.

चौथं वर्ष.
खानापूरच्या भातखाचरांतले कोळी मोजते मी.
अकराशे बारीक बाटल्या, अल्कोहोलात पाय दुमडलेले,
प्रत्येकीवर चिठ्ठी: गाव, तारीख, बांधापासून किती पावलं.
कोळ्यांकडून काहीतरी शिकावं, असं लोक सांगतात.
सरांच्या मते त्यांचे फक्त डोळे मोजावेत.
आठ. कधी सहा.

तिसरं प्रकरण पाचव्यांदा परत आलं,
समासात एकच शब्द: "का?"
मला वाटलं, माझ्या जन्मालाच विचारलाय.
फेलोशिप जूनपासून अडकलेली,
खानावळीच्या वहीत दोन महिने उधार.
आत्याच्या वास्तुशांतीला गेले, तर
"अजून शाळाच काय गं?"
माझ्यानंतर पाच वर्षांनी जन्मलेली संपदा
हप्त्यावरची स्कूटी दाखवत होती.
मी कुंदा दोनदा घेतला,
तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

मग ऑक्टोबरात केव्हातरी
मी केस विंचरायचं सोडलं.
आधी केस, मग नाश्ता, मग फोन.
आईला मेसेज: कामात आहे.
खरं तर पंख्याची पाती मोजत होते. तीन.
त्या आठवड्याची तेवढीच नोंद.

नीलव्वा, खोलीतली सोबतीण, रायबागची,
कन्नड व्याकरणावर काम करते,
मराठी तिला येते ती बाजारापुरती.
त्या रात्री अडीचला तिनं दिवा लावला.
"काय झालं?"
काही नाही, म्हटलं, तू का उठलीस?
"तुझं टकटक रोज चालतं.
चार रात्र झाला, बंद हाय.
मला झोप येईना."
मग मी रडले,
गल्ली उठेल इतकी.

सकाळी तिनंच दवाखान्यात नेलं.
फॉर्म कन्नडमध्ये, तोही तिनंच भरला.
डॉक्टरबाई हावेरीकडच्या,
घड्याळाकडे न बघता बसलेल्या.
भाजी घेण्याएवढं कन्नड मला येतं,
दुखणं सांगण्याएवढं नाही.
त्यांनी विचारलं, "बेजार आगेदेनु?"

बेजार.
हा तर आमच्या घरचा.
आई म्हणते, उन्हानं बेजार, डासांनी बेजार.
ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून काचा फुटतात
तिथं हा शब्द कुणी अडवलाच नव्हता,
दोन्हीकडून बिनतिकीट फिरत होता.
"हौदु," मी म्हटलं. "बेजार."
आणि पुढचं आपोआप आलं,
कोणत्या भाषेत, ते आठवत नाही.

लगेच काही बरं झालं नाही.
गोळी अर्धी, रात्री. गुरुवारी पुन्हा जायचं.
सरांना सांगितलं, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले,
मग म्हणाले, "डिसेंबर चालेल,"
आणि स्वतःच्या पाचव्या वर्षाबद्दल काहीतरी, अर्धवट.
"का?"चं उत्तर अजून लिहिलेलं नाही.
सत्तेचाळीस बाटल्यांवर मी "ओळख पटली नाही" असं लिहिलं
आणि हात कापला नाही.

रात्री दहाला बाबांना फोन लावते.
दोघांकडेही बोलायला फार नसतं.
"जेवलीस?"
"होय की."
मग ते फोन मागाच्या चौकटीवर ठेवून
कांडी बदलायला जातात, कट करायचं विसरून.
विसरून, असं मी समजते.

नीलव्वा पलीकडून म्हणते,
आवाज थोडा वाढव.