तळमजल्याची पावती

सभेत विषय क्रमांक सात:
बससाठी घरपट्टीत महिन्याला बत्तीस रुपये जादा.
पालिकेने मत मागवलंय, आपण काय कळवायचं?
सहापर्यंत येता येताच
टाकीची गळती आणि कबुतरांची जाळी यात
साडेदहा वाजून गेलेले.

सहाव्या मजल्यावरचे मापारी उभे राहिले.
म्हणाले, मी शेवटचा बसमध्ये चढलो
तेव्हा कंडक्टर चिमट्याने तिकिटाला भोक पाडायचा.
माझ्या दोन गाड्या आहेत. मी का भरू?
लोक हसले. मीही हसले थोडी.
माणूस वाईट नाही,
गणपतीत खुर्च्या स्वतः उचलतो.

मी तळमजल्यावर राहते.
एकोणीस वर्षं लिफ्टचे पैसे भरते.
दोर बदलला तेव्हा भरले,
आत आरसा बसवला तेव्हाही,
ज्यात माझं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

हे बोलायचं नव्हतं. निघून गेलं.

मग बाकीचंही निघालं:
घाटल्याच्या नाक्यावर थांब्याचा खांब अजून आहे,
नंबरावर पांढरा रंग फासलाय,
तरी बाया त्याच खांबापाशी उभ्या राहतात,
रिक्षात चौथं माणूस होण्यासाठी,
मागे तिघी, पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धी.
सुमन पाष्टे मानखुर्दहून येते,
बस होती तोवर सातच्या ठोक्याला यायची,
आता कधी पावणेआठ, कधी नाहीच.
गेल्या महिन्यात तीन खाडे कापलेत तुम्ही, मापारी.
मला ठाऊक आहे,
ती माझ्या ओट्याला टेकून चहा पिते
आणि हिशेब बोटांवर करते.
तुम्ही बसमध्ये बसत नाही, कबूल.
तुमच्या पोळ्या बसायच्या.

कुणी म्हणालं, पैसे खातील हो.
खातील. थोडे खातील.
लिफ्टवाल्यानेही खाल्ले होते, आठवतं?
म्हणून आपण लिफ्ट विकली नाही,
कंत्राटदार बदलला,
हिशेब जिन्याखाली चिकटवला,
दर महिन्याला चष्मा लावून वाचते मी तो.

हात वर झाले. अकरा.
विरुद्ध नऊ.
फ्लोरी डिमेलोंचा हात दोन्हीकडे मोजला गेला,
त्यावर वीस मिनिटं भांडण.

सकाळी पत्र घेऊन सह्यांना निघाले.
सहा मजले, गुडघा म्हणाला, आज लिफ्ट.
आत शिरताना चप्पल काढावी का, असं वाटून गेलं.
आरशात पदर सारखा केला.
वरच्या खिडकीतून आगार दिसतं, हे मला माहीत नव्हतं:
पत्र्याच्या कुंपणाआड आठ-दहा लाल गाड्या,
नाकाला नाक लावून,
एकीच्या टपावर कुणीतरी वाळत घातलेली चादर.

दार सुमनने उघडलं.
आठ वाजून दहा. हाताला अजून पीठ नाही.
आतून मापारी म्हणाले, ठेवा, बघतो.

पत्र ठेवलं.
उतरताना जिन्याने आले.
पैसे भरलेत,
पण सवय नाही.