मातीमोल

वाहिगुयाच्या बँकेत साहेबांनी नकाशा उलटून पाहिला,
जणू खरं घर मागच्या बाजूला असावं.
"भिंती कशाच्या?"
मातीच्या. दाबलेल्या विटा, हातभर रुंद.
वर लाकूड नाही, पत्रा नाही, विटांचीच कमान.
"माती तारण म्हणून चालत नाही," म्हणाले
आणि पंखा वाढवला.

इंजिनियरकडे शिक्का होता,
पण त्याच्या पुस्तकात मातीचं पान नव्हतं.
पुस्तक दुसऱ्या देशात छापलेलं.
छतावर बर्फ किती साचतो
त्याचा तक्ता मात्र होता.

नोआगाला तरी थंड घर हवं होतं.
पाया आखला, दोरी ताणली,
तेवढ्यात मोपेडवरून त्याचे सासरे आले.
ओल्या विटेत अंगठा रुतवून म्हणाले,
"माझी मुलगी वारुळात राहणार?"
दुसऱ्या दिवशी सिमेंटचा ट्रक.

दोरी गुंडाळली.
कमान जमणारे चौघे होते माझ्याकडे.
तिघे सोन्याच्या खाणीत गेले,
चौथा, रास्माने, त्याच ट्रकमधून
गोणी उतरवत होता.
माझ्याकडे बघत नव्हता.

खोटं कशाला बोलू,
माझं स्वतःचं घर सिमेंटचंच आहे.
पूगबिलाने हट्ट धरला, मी हात टेकले.
एप्रिलमध्ये खाटा अंगणात निघतात,
भिंती पहाटेपर्यंत धगधगतात.
काल रात्री ती कूस बदलून म्हणाली,
"कोंबड्यांचं खुराडं मातीचं बांधलंस ना?
जा, त्यांची झोप बघून ये."

उठलो. बघून आलो.
गाढ.